अनुच्चारित

अंबाजोगाईहून सकाळी सहाची गाडी.
मांडीवर थर्माकोलचा डबा, डब्यात बर्फ,
बर्फात कमरोद्दीन मुनशींच्या मोठ्या आतड्यातली गाठ,
तांदळाच्या दाण्याएवढी,
आणि दुसऱ्या नळीत त्याच आतड्याचा
चार बोटं पलीकडचा, निरोगी तुकडा.
केजला शेजारची बाई म्हणाली, खवा हाय का गं पोरी?
मी हो म्हणाले.

कागदावर ते नमुना क्रमांक सत्तेचाळीस.
कोर्टाबाहेर चाळीस वर्षं त्यांचं टेबल.
निजामाच्या काळातले मुन्तखब, खासरे, वाटणीपत्रं
उर्दूतून मराठीत उतरवायचे,
पानामागं दहा रुपये, म्हाताऱ्या बायांना फुकट.
ऑपरेशननंतर आले, पोटावरची पिशवी
शर्टाखाली दाबत, खुर्चीच्या टोकावर बसले.
"बेटी, अंदर के हर्फ बदल गए क्या?"

नाही चाचा. हर्फ तेच आहेत.

तुमच्या पेशीत एक चिठ्ठी असते, बावीस अक्षरांची.
तिच्यातून हाड होत नाही, मांस होत नाही.
ती फक्त दुसऱ्या चिठ्ठ्यांच्या तोंडावर बोट ठेवते:
पुरे. आता थांब.
ती चिठ्ठी जिथून उतरवून घ्यायची
त्या ओळीच्या तोंडाशी टिंबं पडलीत, दाटीनं.
काही खोडलेलं नाही, काही फाटलेलं नाही.
नक्कल करणारा येतो, टिंबं बघतो
अन् पुढच्या ओळीला लागतो.
मग थांब म्हणणारं कुणी उरत नाही.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.
"तुमच्या जुन्या मराठीत पण होते ना असे नुक्ते?
लिहायचे, बोलायचे नाहीत.
इथं उलटं झालं. नुक्ता बसला
आणि हर्फच मुका झाला."

आमचाही एक कागद होता, ट्रंकेत, तीन पिढ्यांचा.
घरात कुणालाच वाचता येत नव्हता.
त्यांनी भिंग धरलं, बोट उजवीकडून डावीकडं नेलं,
खाली कोपऱ्यात थांबले.
विहिरीचं चौथ्या दिवसाचं पाणी
बहीण गयाबाई हिचं, तिच्या पश्चात तिच्या लेकरांचं.
एवढीच ओळ. शाई काळीभोर.
पैसे घेतले नाहीत.

संभाजीनगरात कांगणे मॅडमनी नमुने
रात्रभर बायसल्फाइटमध्ये ठेवले.
उघडं 'सी' त्यात टिकत नाही, दुसरंच अक्षर होऊन जातं.
टिंबाखालचं जसंच्या तसं राहतं.
म्हणजे सकाळी ओळखू येतं ते मुकं असलेलंच.

गाठीत शंभरातली एक्क्याऐंशी.
निरोगी म्हणून नेलेल्या तुकड्यात एकोणीस.
मॅडमनी तो आकडा दोनदा तपासला.
"गाठीच्या कितीतरी आधी," त्या म्हणाल्या,
"इथं कुणीतरी टिंबं द्यायला बसलं होतं."

पुसता येतात का? येतात म्हणे.
पण ते औषध निवडून पुसत नाही, सगळीच पुसतं,
ज्यांना मुकं राहणंच बरं होतं त्यांचीही.
आणि हा अभ्यास आहे, उपचार नव्हे.
संमतीपत्रावर तसं लिहिलेलं होतं.
मुनशींनी सही करण्यापूर्वी ते शेवटपर्यंत वाचलं होतं,
असं करणारे सत्तेचाळीसांत ते एकटेच.

परतले तेव्हा टेबलावर त्यांचा नातू होता,
झेरॉक्सच्या मशीनशी झगडत.
मी आकडे सांगितले नाहीत. त्यानं विचारलेही नाहीत.
भिंग तिथंच होतं, रुमालात गुंडाळलेलं.

गयाबाई सेलूला वारली, मी चौथीत असताना.
तिची नातवंडं पुण्यात कुठं आहेत, नंबर मिळाला.
चुलता म्हणतो, सत्तर वर्षांत कुणी वाचलं नाही,
तू कशाला वाचतीस?

काल चौथा दिवस होता.
मोटार पहाटेपासून चालू, आमच्याच उसाला.
मी बटनापाशी उभी राहिले, ओल्या हाताने,
लाल टिंबाएवढा दिवा बघत.